वेग वाढवावा कीं आवरावा?

सातपुड्याच्या पायथ्याशीं, मध्यप्रदेशाच्या सीमेजवळ, वरूड तालुक्यांत शेंदूरजनाघाट हें गांव वसलें आहे. संत्र्यांच्या बागा आणि संत्र्यांच्या कलमांच्या रोपवाटिका यांसाठीं त्याचें नांव साऱ्या वऱ्हाडांत प्रसिद्ध आहे. येथील बागाइतदारापुढें दरवर्षीं एक प्रश्न उभा राहतो. संत्र्याच्या झाडाला वर्षांतून दोनदां बहर येऊं शकतो. एक हिवाळा सरतांना येणारा आंबिया, दुसरा पावसाच्या आरंभीं येणारा मृग. झाडाचें पाणी कांहीं आठवडे तोडून त्यास ताण द्यावा, मग पाणी सोडावें, म्हणजे झाड एकदम फुलून येतें. परंतु दोन्ही बहर एकाच झाडावर एकाच वर्षीं धरले, तर झाड खचतें. म्हणून जाणता बागाइतदार विहिरीचें पाणी, जमिनीचा मगदूर व झाडाचें वय पाहून एकच बहर धरतो. शक्ति आहे म्हणून ती सर्वच्या सर्व ताबडतोब काढून घ्यावी, असें तो मानीत नाहीं.

या गांवांतल्या अनेक घरांत व दुकानांत आतां संगणक येऊन बसला आहे. मुलांचा अभ्यास, रोपवाटिकेचे हिशेब, सरकारी अर्ज, सर्व कांहीं त्याच्यावर चालतें. आणि त्या यंत्रापुढेंही बागेसारखाच प्रश्न येतो. काम वाढतांच आपला वेग आपोआप वाढविण्याची मुभा संगणकाच्या प्रोसेसरला द्यावी कीं न द्यावी? मुभा दिली तर काम लवकर उरकतें. पण वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला असतां यंत्राचा पंखा घरघरूं लागतो, पेटी हाताला चटके देते, आणि एवढ्या कष्टानें घेतलेलें यंत्र लवकर निकामी तर होणार नाहीं ना, अशी शंका घरच्या मंडळींच्या मनांत डोकावते. ही शंका कितपत खरी, हें ठरविण्यासाठीं या वेगाचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

प्रोसेसरच्या पोटांत प्रत्येक क्रिया एका ठोक्यावर होते. गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाचें कंपन हें त्या ठोक्याचें मूळ होय. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ नांवाचा प्रोसेसर विक्रीस आणला, त्याचे ठोके सेकंदाला सुमारें ७ लक्ष ४० हजार होते. दहा वर्षांनीं, १९८१ सालीं, आयबीएमचा घरगुती संगणक आला. त्याचे ठोके सुमारें ४८ लक्ष, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झ होते. यानंतर इतर कंपन्यांनीं त्याच घडणीचीं अधिक वेगवान यंत्रें काढलीं, आणि तेथें एक गंमत झाली. कित्येक खेळ व कांहीं कामाचे कार्यक्रम त्या जुन्या ठोक्यांच्या हिशेबानेंच रचलेले होते. नव्या यंत्रावर ते इतके भरधाव पळूं लागले कीं, खेळणाराला पाऊल उचलण्यासही अवसर मिळेना. म्हणून यंत्राच्या दर्शनी भागावर एक बटण बसविण्यांत आलें आणि त्यास नांव दिलें ‘टर्बो’. नांव वेगाचें, पण त्या बटणाचें खरें प्रयोजन होतें वेग कमी करण्याचें. वेगावर माणसाचा ताबा असावा, ही गरज घरगुती संगणकाच्या बाल्यावस्थेंतच जाणवली होती.

पुढें वीस वर्षें वेग वाढतच गेला. या वाढीचें शास्त्रीय कारण १९७४ सालीं आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडलें होतें. ट्रान्झिस्टरचा आकार लहान केला आणि त्याच प्रमाणांत विजेचा दाबही उतरविला, तर ठोके वाढवूनही तेवढ्याच जागेंत उष्णता अधिक होत नाहीं, असा त्या सिद्धांताचा आशय होय. पण दाब उतरविण्यालाही मर्यादा आहे. एका हद्दीखालीं तो नेला कीं, बंद केलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपूं लागते. फुटक्या पाटासारखी ती स्थिति होते. पाणी पिकाला पोंचो वा न पोंचो, विहीर मात्र आटत राहते. २००५ च्या सुमारास ही हद्द आली. त्यापूर्वींच, २००४ सालीं, इंटेलनें आपल्या पुढच्या अतिवेगवान प्रोसेसरची योजना सोडून दिली आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेतही रद्द केला. एकाच घोड्याला चाबूक मारण्याऐवजीं गाडीला दोन, चार, आठ घोडे जुंपावे, हा मार्ग सर्वांनीं पत्करला. एका प्रोसेसरांत अनेक ‘कोअर’ आले.

ज्या मार्गावर जग नाइलाजानें आलें, त्या मार्गावर महाराष्ट्रांत, आणि तेंही एका वऱ्हाडी माणसाच्या नेतृत्वाखालीं, पुष्कळ आधीं पाऊल पडलें होतें. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत मुरंबा म्हणून लहानसें गांव आहे. तेथें १९४६ सालीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८० नंतरच्या दशकांत भारताला हवा तसा क्रे महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा भटकरांकडे आली. १९९१ सालीं त्या संस्थेनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. क्रेच्या यंत्राचे ठोके सेकंदाला दहा कोटींहून अधिक. परममध्यें बसविलेल्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रान्सप्यूटरचे ठोके अवघे दोन-तीन कोटी. पण असे ६४ ट्रान्सप्यूटर एकमेकांशीं जोडून, काम वांटून देऊन, त्या यंत्रानें आपलें बळ दाखविलें. एकाचा वेग थोडा असला तरी अनेकांच्या मेळानें मोठें काम पार पडतें, हें तेथें सिद्ध झालें.

तथापि या मेळालाही एक मर्यादा आहे. १९६७ सालीं जीन ॲमडाल यांनीं ती दाखवून दिली. एखाद्या कामाचा चौथा हिस्सा जर कोणत्याही उपायानें वांटतां येण्याजोगा नसेल, तर हजार प्रोसेसर जोडले तरी तें काम चौपटीहून अधिक त्वरेनें होणार नाहीं. न वांटतां येणारा तो हिस्सा एकट्या कोअरलाच ओढावा लागतो, आणि त्या वेळीं इतर कोअर स्वस्थ बसून राहतात. मग त्यांच्या वाट्याची वीज व उष्णतेची सवड या एकट्याला तात्पुरती दिली तर? आपोआप वेगवाढीची कल्पना याच विचारांतून निघाली आहे.

तिच्याआधीं आली ती आपोआप वेगघट. फिरत्या संगणकाची बॅटरी टिकावी म्हणून २००० सालीं इंटेलनें ‘स्पीडस्टेप’ ही योजना आणली; यंत्र बॅटरीवर चालत असतां ठोके व दाब दोन्ही खालीं येत. नोव्हेंबर २००८ मध्यें तिचा उलट हात पुढें आला आणि त्यास ‘टर्बो बूस्ट’ हें नांव मिळालें. त्या वेळच्या कोअर आय-सेव्हन ९२० या प्रोसेसरचा नेहमींचा वेग २.६६ गिगाहर्ट्झ, एकाच कोअरला काम असतां तो २.९३ पर्यंत चढे. २०१० सालीं एएमडी कंपनीनें ‘टर्बो कोअर’ काढला. २०११ च्या इंटेल प्रोसेसरांत आणखी एक सुधारणा झाली. कढई चुलीवर ठेवतांच तापत नाहीं, तिला वेळ लागतो. तसेंच प्रोसेसरवरील धातूचें आवरण तापायलाही कांहीं सेकंद लागतात. तेवढ्या अवधींत नेमल्याहून अधिक वीज ओढून काम उरकावें, आणि धातु तापला कीं पुन्हां मर्यादेंत यावें, अशी ती युक्ति होय.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्राच्या धन्यानें स्वतःच्या हिंमतीवर प्रोसेसरला त्याच्या नेमल्या हद्दीपलीकडे पळविणें ही गोष्ट निराळी, आणि निर्मात्यानेंच आंखून दिलेल्या हद्दींत यंत्रानें आपला वेग कमीअधिक करणें ही गोष्ट निराळी. पहिलीस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तिच्यांत धोका आहे. दुसरींत प्रोसेसर आपलें तापमान, वीज व दाब क्षणोक्षणीं मोजीत असतो आणि हद्द येतांच मागें सरतो. म्हणून वेगवाढ चालू ठेवल्यानें यंत्र जळून जाईल, ही भीति निराधार आहे. तथापि उष्णतेनें आयुष्य मुळींच घटत नाहीं, असेंही नव्हे. प्रोसेसरमधील सूक्ष्म तारांतून वीज वाहतांना धातूचे कण हळूहळू सरकत असतात. प्रवाह जितका दाट व तापमान जितकें अधिक, तितकी ही झीज त्वरेनें होते, हें १९६९ सालीं जेम्स ब्लॅक यांनीं सूत्रबद्ध केलें. शिवाय प्रोसेसरच्या शेजारचे विद्युत्‌संग्राहक आणि बॅटरी यांना उष्णता प्रोसेसरहूनही अधिक बाधते.

आतां हिशेब पाहूं. प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणांत आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ठोके दशांशानें वाढवावयाचे आणि त्यासाठीं दाबही दशांशानें चढवावयाचा, तर विजेची ओढ १.१ चा घन, म्हणजे सुमारें ३३ टक्क्यांनीं वाढते. काम मात्र अवघें ९ टक्के वेळ वांचवून पुरें होतें. तेंच काम करण्यास एकूण वीज सुमारें २१ टक्के अधिक खर्ची पडते. शेवटचा थोडासा वेग हा असा महाग असतो. याच्या उलट बाजूलाही वजन आहे. काम लवकर संपलें तर पडदा, स्मृति, पंखा यांनाही लवकर विश्रांति मिळते आणि तेथली वीज वांचते. म्हणून क्षणभराच्या कामाला वेगवाढ पथ्यकर ठरते, आणि तासन् तास चालणाऱ्या कामाला तीच खर्चिक होते.

वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा हिशेब याहून निराळा मांडावा लागतो. अनेक प्रोसेसरांची उच्चतम मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. खोलींत ३० अंश असतील तर उष्णता बाहेर टाकण्यास ७० अंशांचा उतार मिळतो; खोलींत ४५ अंश असतील तर ५५ च उरतो. म्हणजे तोच पंखा तेवढ्याच प्रोसेसरची उष्णता सुमारें पंचमांशानें कमी काढूं शकतो. जाळींत कापसाची पूद व धूळ अडकली असेल तर त्याहूनही कमी. अशा वेळीं वेग चढतो, तापमान हद्दीला भिडतें, वेग कोसळतो, पुन्हां चढतो. हा झोपाळा चालू राहिला कीं, कागदावर दिसणारा लाभ हातीं येत नाहीं आणि पंख्याचा आवाज मात्र पदरीं पडतो.

मोठ्या यंत्रांतही हाच विवेक करावा लागतो. जानेवारी २०१८ मध्यें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत ‘प्रत्यूष’ हा सुमारें ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. योगायोग असा कीं, तो क्रे घडणीचाच होता. त्याच्या प्रोसेसरचा नेमलेला वेग २.१ गिगाहर्ट्झ, पण एकट्या कोअरला ३.३ पर्यंत चढण्याची सोय. हजारों कोअर मिळून मान्सूनचें गणित करूं लागले, म्हणजे पुढच्या पावलाला सर्वांनीं एकत्र यावें लागतें. एक पुढें पळाला तरी मागें राहिलेल्याची वाट त्याला पाहावीच लागते. तेथें एकाच्या भरारीपेक्षां सर्वांची सारखी चाल अधिक मोलाची असते. सप्टेंबर २०२४ मध्यें त्याच संस्थेंत ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणक आला. वेगाच्या वाढीबरोबर शीतकरणाचा प्रश्न तेथेंही सुटलेला नाहीं.

मग घरच्या संगणकाचें काय करावें? पत्र लिहिणें, वर्तमानपत्र उघडणें, मुलाचा धडा पाहणें, अशीं तुटक कामें असतील व खोली थंड असेल, तर वेगवाढ चालू असूं द्यावी; यंत्र तत्पर वाटेल आणि झीज नगण्य राहील. चित्रफीत तयार करणें किंवा मोठें गणित तासन् तास चालविणें असेल, उन्हाळा भरांत असेल, अथवा वीज गेल्यामुळें यंत्र बॅटरीवर चालत असेल, तर ती बंद ठेवणें शहाणपणाचें. बंद करण्याचे मार्ग सोपे आहेत. विंडोजमध्यें वीजयोजनेंतील प्रोसेसरची कमाल स्थिति १०० ऐवजीं ९९ टक्के केली कीं बहुतेक यंत्रांत वेगवाढ थांबते. लिनक्समध्यें इंटेलच्या यंत्रासाठीं ‘नो टर्बो’ नांवाची नोंद असते. तेथें १ लिहिलें म्हणजे वेगवाढ बंद, ० लिहिलें म्हणजे चालू. नांवांतच नकार असल्यामुळें येथें पुष्कळांची फसगत होते. कित्येक यंत्रांत बायॉसमध्यें म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणींतही ही कळ असते. पण ती फिरविण्यापूर्वीं जाळींतली धूळ काढावी, यंत्र गादीवर न ठेवतां मेजावर ठेवावें, आणि आपलें नेहमींचें एक काम दोन्ही प्रकारें करून वेळ व तापमान यांची नोंद घ्यावी. दुसऱ्याच्या यंत्रावरचा निकाल आपल्या यंत्राला लागू पडेलच असें नाहीं.

एकदां केलेली निवड कायमची ठेवलीच पाहिजे, असेंही बंधन नाहीं. मार्गशीर्षांत वेगवाढ चालू ठेवावी, वैशाखांत बंद करावी, मृगाचा पाऊस पडून हवा निवाली कीं पुन्हां चालू करावी. शेंदूरजनाघाटच्या बागाइतदारानें या वर्षीं आंबिया धरला म्हणून मृगाशीं त्याचें वैर होत नाहीं. पुढच्या वर्षीं विहिरींत पाणी किती राहतें, तें पाहून तो पुन्हां विचार करतो.