उन्हाळ्यातील अरण्य आणि त्याचे तीन पाहुणे



फाल्गुन सरून चैत्राचे ऊन तापू लागले, की शहरातील मनुष्य सावलीचा शोध घेऊ लागतो. अशा दिवसांत पानगळ झालेल्या अरण्यात जावे, असे कोणी सुचविले तर ते विपरीतच वाटावयाचे. परंतु वन्य पशुपक्षी पाहावयाचे असतील तर हाच काळ उत्तम, असे जाणकार सांगत आले आहेत. त्याचे कारण साधे आहे. सागाची झाडे या दिवसांत निष्पर्ण असतात, त्यामुळे नजर दूरवर पोहोचते. ओढे आटलेले असतात, नदीच्या पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात, आणि तहानलेल्या जनावरास पहाटे किंवा दिवेलागणीच्या सुमारास त्या डोहावर यावेच लागते. पावसाळ्यात जे अरण्य परक्याला आत घेत नाही, ते उन्हाळ्यात उघडे पडते; आणि उघडे पडते म्हणजेच दुबळेही होते.

अरण्याचे हे दुबळेपण सहलीला जाणाऱ्यांच्या फार पूर्वी इतरांनी हेरले होते. त्या इतिहासाची थोडी ओळख आज करून घ्यावी असा हेतू आहे.

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर नावाचे गाव आहे. तापी जेथे समुद्राला मिळते, तो हा प्रदेश. एका बाजूस हजिऱ्याचे प्रचंड कारखाने, दुसऱ्या बाजूस हिऱ्यांच्या उद्योगासाठी वसविलेली वसाहत, असे त्याचे आजचे रूप आहे. सुरत आणि तिच्या परिसरात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना रान दाखवावे असे या भागातील एखाद्या कुटुंबाच्या मनात आले, तर जवळच तापीकाठी सरथाणा येथे १९८४ पासून असलेले निसर्गोद्यान आहे. आणि खरे अरण्य पाहावयाचे असेल, तर आग्नेयेकडे सुमारे सव्वाशे किलोमीटरवर वघई आहे. तेथून डांगचे रान सुरू होते. नाशिक, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांना लागून असलेला हा डोंगराळ मुलूख १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा गुजरातेत गेला. पण तेथील बोलीत मराठी माणसाला ओळखीचे शब्द पदोपदी भेटतात.

या रानाचा पहिला उन्हाळी पाहुणा म्हणजे शिकारी. संस्थानिक असो की गोरा अधिकारी, त्याचा मोसम ठरलेला असे. पावसाळ्यात डांगात हिवतापाचे थैमान असे. बाहेरचा मनुष्य तेथे पाऊल टाकण्यास धजत नसे. उन्हाळ्यात मात्र पाणवठ्याजवळ मचाण बांधले, की सावज आपल्या पायांनी चालत येई. तहानेचा असा फायदा घेणे यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९७२ मध्ये सर्व देशासाठी कायदा झाला. परंतु तोवर बरीच हानी होऊन गेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत डांगातील वाघांची वस्ती नाहीशी झाली.

दुसरा पाहुणा अधिक चिकाटीचा होता. तो सागासाठी आला. जहाजबांधणीला सागासारखे लाकूड नाही, हे सुरतेच्या कारागिरांना चांगले ठाऊक होते. याच सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने तेथील गोदीचे नाव जगभर केले. या गोदीत १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही उभी आहे. तिचा साग मलबारचा होता. पण मलबारची रानेही विरळ होत गेली आणि १८४० नंतरच्या दशकात निलांबूरला सागाची मुद्दाम लागवड करण्याची वेळ आली. त्याच सुमारास, १८४२ मध्ये, इंग्रज सरकारने डांगच्या भिल्ल राजांकडून त्यांची जंगले पट्ट्याने घेतली. त्याबद्दल राजांना ठराविक रक्कम मिळू लागली. होळीच्या आधी आहवा येथे भरणारा ‘डांग दरबार’ ही त्या व्यवहाराची आजवर चालत आलेली खूण आहे. त्या राजांच्या वंशजांना तेथे अजूनही मानधन दिले जाते.

लाकूडतोडीचे कामही कोरड्या महिन्यांचेच. पुढे बडोद्याच्या गायकवाड सरकारने १९१३ च्या सुमारास बिलिमोरा ते वघई असा त्रेसष्ट किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग घातला. डांगचे लाकूड समुद्रकाठच्या मुलखात आणणे हा त्याचा एक मुख्य उद्देश होता. सुरक्षित जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, भिल्लांच्या फिरत्या शेतीवर बंधने आली. ज्यांचे रान होते, त्यांनाच त्यात जाण्यास परवानगी लागू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत डांगात उठाव झाले, ते काही अकारण नव्हेत.

तिसरा पाहुणा म्हणजे आपण. पाहण्यासाठी येणारा. त्याच्यासाठी दार उघडले ते अलीकडे. वासदा संस्थानच्या राजाचे खाजगी रान संस्थान विलीन झाल्यावर सरकारकडे आले. तेथे १९५२ नंतर वृक्षतोड झाली नाही, आणि १९७९ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. अवघे चोवीस चौरस किलोमीटरचे हे उद्यान आहे. पण चोवीस चौरस किलोमीटर रान कुऱ्हाडीपासून दूर ठेवले तर काय उरते, हे तेथील उंच साग आणि बांबूची दाट बेटे दाखवितात. वघईचे वनस्पती उद्यान १९६६ चे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सुमारे एकशे साठ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९९० मध्ये जाहीर झाले. तेथे बिबळ्या आहे, चौशिंगा आहे. महाल आणि किलाड येथे प्रवाशांच्या मुक्कामाची सोयही आहे. ज्या रुळांवरून ओंडके वाहून नेले, त्याच रुळांवर २०२१ मध्ये मोठ्या काचांचा डबा जोडून प्रवाशांसाठी गाडी पुन्हा सुरू करण्यात आली. यापेक्षा बोलका पालट क्वचितच आढळेल.

केवळ पाहण्याने काय साधते, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर रानपिंगळा या लहानशा घुबडाने दिले आहे. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने आढळला नव्हता. रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे तो मारल्याचा दावा केला होता. पुढे बारकाईने तपासणी झाली, तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि त्यावरील चिठ्ठी खोटी असल्याचे उघड झाले. मांडवीचा दावा बाजूला ठेवून संशोधक जुन्या खऱ्या नोंदींकडे वळले आणि १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे पूर्णा अभयारण्यातही तो आढळला. पक्षी मारून पेटीत ठेवणाऱ्याने जे खोटे सांगितले, ते झाडाखाली उभे राहून पाहणाऱ्यांनी सुधारले.

तथापि या तीन पाहुण्यांच्या गर्दीत घरच्या माणसांचा विसर पडू नये. भिल्ल, कोकणा, वारली ही मंडळी उन्हाळ्यात मोहाची फुले वेचतात, पाण्यासाठी दूरवर चालतात, त्याच डोहांकडे त्यांचीही दृष्टी असते. अभयारण्याची हद्द आखताना पट्ट्याच्या काळातील चूक पुन्हा होऊ नये, हे पाहिले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे हक्क मान्य केले आहेत. त्या हक्कांचा आदर राखूनच प्रवाशाने या रानात वावरावे. आपण मुक्कामाला दिलेल्या पैशांतून त्यांच्या घरी चूल पेटली, तरच आपले जाणे आधीच्या दोन पाहुण्यांहून वेगळे ठरेल.

म्हणून या उन्हाळ्यात जो कोणी डांगात किंवा अन्य कोणत्याही अभयारण्यात जाईल, त्याने ऋतूची जाणीव ठेवावी. पहाटे जावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. आपले पाणी आपण न्यावे. डोहाच्या काठी घोळका करून बसू नये, कारण आपण उठेपर्यंत एखादे जनावर झाडीआड तहानलेले थांबलेले असते. वाळल्या पाचोळ्यात विडीची एक ठिणगी पुरे होते, हेही विसरू नये. शिकाऱ्याने कातडे नेले, ठेकेदाराने साग नेला. तिसऱ्या पाहुण्याने डोळ्यांत मावेल तेवढेच न्यावे, म्हणजे पुढच्या चैत्रातही त्या डोहावर कोणीतरी पाणी प्यावयास येईल.