नोंदीच्या फटीत पडलेली माणसे : ब्रिटनचे छोटे कंपनी-संचालक आणि कोरोनाकाळातील सरकारी मदत

सरकारने मदत जाहीर केली की टाळ्या वाजतात. ती कुणापर्यंत पोचली नाही, असे विचारणारा माणूस त्या वेळी कटकट्या वाटतो. पण इतिहास लिहिताना हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. कोरोनाच्या काळात ब्रिटन सरकारने नोकरदारांना आणि स्वयंरोजगारी लोकांना दिलेल्या मदतीचे जगभर कौतुक झाले. ते पुष्कळसे रास्तही होते. त्याच काळात त्याच देशात लाखो छोटे कंपनी-संचालक मात्र जवळजवळ रिकाम्या हाताने घरी बसले होते. ते का वगळले गेले, हे आपण समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

काही मित्र म्हणतील, कंपनीच्या डायरेक्टरांची काळजी आपण कशाला करायची? 'डायरेक्टर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठी गाडी आणि काचेचे ऑफिस येते. आम्ही ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते वेगळे लोक आहेत. छायाचित्रकार, इलेक्ट्रिशियन, केस कापणारी बाई, संगणकाची कंत्राटी कामे करणारा तरुण, लग्नसमारंभाची व्यवस्था पाहणारे जोडपे. कंपनी म्हणजे हेच, कामगारही हेच. अनेकांना तर काम देणाऱ्यानेच सांगितलेले असते की आधी कंपनी काढा, मग कंत्राट देतो.

मार्च २०२० मध्ये काय जाहीर झाले?

२० मार्च २०२० रोजी ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी 'फर्लो' योजना जाहीर केली. मालकाने कामगाराला काढून टाकायचे नाही, घरी बसवायचे, आणि त्याच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकारने भरायचा. २६ मार्चला स्वयंरोजगारी लोकांसाठी दुसरी योजना आली. तिच्या पहिल्या हप्त्यात आधीच्या वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ८० टक्क्यांनुसार तीन महिन्यांचे मिळून ७,५०० पौंडांपर्यंत अनुदान होते. अनुदान म्हणजे परत न करायचे पैसे. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चाललेल्या फर्लो योजनेवर सुमारे ७० अब्ज पौंड खर्च झाले आणि १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला. दुसऱ्या योजनेवर सुमारे २८ अब्ज पौंड खर्च झाले.

एवढा पैसा वाहत असताना छोटा संचालक कोरडा कसा राहिला, ते एका हिशेबाने पाहू. समजा, एका बाईची स्वतःची लिमिटेड कंपनी आहे. तिथल्या रिवाजाप्रमाणे ती कंपनीकडून महिना ७२० पौंड पगार घेते आणि उरलेल्या नफ्यातून साधारण १,५०० पौंड लाभांश म्हणून घेते. घर चालते ते २,२२० पौंडांवर. टाळेबंदीत काम शून्य झाले. ती स्वयंरोजगारी योजनेत बसत नाही, कारण कायद्याने ती स्वतःच्या कंपनीची नोकर आहे. फर्लोमध्ये बसते, पण फक्त पगारापुरती. ७२० पौंडांचे ८० टक्के म्हणजे ५७६ पौंड. तिच्याच शेजारी तेच काम करणारा माणूस कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करत असेल आणि त्याचा महिन्याचा नफा तेवढाच असेल, तर त्याला १,७७६ पौंडांच्या हिशेबाने अनुदान मिळाले. काम, कमाई आणि संकट तेच. फरक फक्त कागदाचा.

त्यातही अटी होत्या. सुरुवातीच्या महिन्यांत फर्लो घेणाऱ्या संचालकाला कंपनीची कायदेशीर कागदपत्रे भरण्यापलीकडे कसलेही काम करायला मनाई होती. म्हणजे ५७६ पौंड घ्यायचे तर नवे गिऱ्हाईक शोधायचे नाही, धंदा मोडू द्यायचा. पगाराची नोंद १९ मार्च २०२० पर्यंत करखात्याकडे गेलेली असायला हवी होती. अनेक छोटे संचालक वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या शेवटी, पगार नोंदवत. त्यांच्यातले पुष्कळजण पहिल्या टप्प्यात या तारखेमुळेच बाद झाले. उरला गरिबांसाठीचा नेहमीचा भत्ता. तोही १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल किंवा जोडीदाराची कमाई पुरेशी असेल तर मिळत नाही.

जून २०२० मध्ये ब्रिटिश संसदेच्या अर्थविषयक समितीने अहवाल दिला की दहा लाखांहून अधिक लोक या योजनांच्या फटींत पडले आहेत. त्यांत सुमारे ७ लाख छोटे कंपनी-संचालक होते. त्यांना मदत द्या, अशी समितीची शिफारस होती. सरकारने ती मानली नाही.

ही फट आली कुठून?

ही फट मार्च २०२० मध्ये पडली नाही. ती फार जुनी आहे.

१८५५ मध्ये ब्रिटनने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला. कंपनी बुडाली तर भागधारकाचे घरदार जाऊ नये, एवढीच त्याची जबाबदारी असावी, हा हेतू. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आरन सॉलोमन नावाचा चामड्याच्या बुटांचा व्यापारी होता. १८९२ मध्ये त्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात भागधारक हवे होते. एकूण २०,००७ भागांपैकी बायको आणि पाच मुले यांच्या नावावर एकेक भाग, बाकी सगळे त्याचे. पुढे कंपनी बुडाली. देणेकऱ्यांच्या बाजूने सांगण्यात आले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच आहे, पैसे त्याने द्यावेत. खालच्या न्यायालयांना ते पटले. पण १८९६ च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी आणि तिचा मालक या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. आजही जगभरचा कंपनी-कायदा, आपलासुद्धा, या निकालावर उभा आहे.

या निकालाने धंदा करणाऱ्याला संरक्षण दिले, हे खरे. पण त्याचबरोबर एका माणसाचे दोन तुकडे झाले. एक कंपनीचा नोकर, दुसरा कंपनीचा भांडवलदार. पगार नोकराचा, लाभांश भांडवलदाराचा. पोट मात्र एकच.

दुसरा धागा सामाजिक विम्याचा. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, तेव्हा त्या संस्थेचे संचालक विल्यम बेव्हरिज होते. याच बेव्हरिज यांचा १९४२ चा अहवाल ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया मानला जातो. त्या अहवालाने लोकांचे वर्ग पाडले. बेकारभत्ता मालकाकडे नोकरी करणाऱ्या वर्गाला ठेवला; दुकानदार, कारागीर, स्वतंत्र धंदेवाला यांना तो नव्हता. १९४६ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातही हीच वाटणी आली. विचार असा की नोकरी सुटणे हे संकट, धंदा बसणे ही जोखीम. त्या काळात हा विचार चालून गेला असेल. पण जेव्हा सरकारच दुकाने बंद करायला सांगते, तेव्हा धंदा बसणे ही धंदेवाल्याने घेतलेली जोखीम कशी म्हणायची?

तिसरा धागा कराचा. २००२ मध्ये तिथल्या सरकारने कंपनीच्या पहिल्या १०,००० पौंड नफ्यावरचा कर शून्य केला. साहजिकच छोटे धंदेवाले भराभर कंपन्या काढू लागले. महसूल घटतो आहे हे लक्षात आल्यावर २००६ पर्यंत ती सवलत गुंडाळली गेली. कंपन्या मात्र राहिल्या. पगार कमी आणि लाभांश जास्त, ही रीत हिशेबनिसांच्या नेहमीच्या सल्ल्यातली झाली. लोकांना या दारातून आत बोलावले ते सरकारनेच. संकट आले तेव्हा त्याच दाराकडे बोट दाखवून सांगितले गेले की तुम्ही आमच्या यादीत नाही.

'शक्य नाही' म्हणजे काय?

अर्थखात्याचे म्हणणे असे होते : करखात्याच्या नोंदीत लाभांशाचा आकडा दिसतो; तो स्वतःच्या कंपनीतून श्रमाचा मोबदला म्हणून आला की दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरमधून, हे कळत नाही. अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला तर फसवणूक होईल.

या अडचणीत तथ्य होते, हे आम्ही मान्य करतो. पण तिच्यावर तोड निघत होती. छोट्या उद्योजकांच्या आणि हिशेबनिसांच्या संघटनांनी २०२० च्या अखेरीस सरकारपुढे पर्यायी योजना ठेवली : लाभांश बाजूला ठेवा, कंपनीने स्वतःच्या कर-विवरणात दाखवलेला धंद्याचा नफा पाहा आणि त्यावर मदत द्या. तो आकडा करखात्याकडे आधीपासून होता. तरीही योजना नाकारली गेली. दुसरीकडे २०२१ च्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडच्या प्रादेशिक सरकारने लिमिटेड कंपन्यांच्या संचालकांसाठी वेगळी अनुदान योजना सुरू केली. रक्कम एकदाच मिळणारी होती, पण तिने एक गोष्ट सिद्ध केली. ज्याला लंडनमध्ये अशक्य म्हणत होते ते बेलफास्टमध्ये होऊ शकत होते.

फसवणुकीच्या भीतीचे काय? ४ मे २०२० पासून याच सरकारने छोट्या धंद्यांसाठी 'बाउन्स बॅक' कर्जे सुरू केली. ५०,००० पौंडांपर्यंत कर्ज, अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावर, बँकांना १०० टक्के सरकारी हमी. सुमारे ४७ अब्ज पौंड वाटले गेले. सरकारी खात्याच्याच एका अंदाजानुसार त्यांतले ४.९ अब्ज पौंड फसवणुकीत गेले. जानेवारी २०२२ मध्ये लॉर्ड ॲग्न्यू या मंत्र्यांनी ही फसवणूक हाताळण्यातल्या ढिलाईवर संताप व्यक्त करत लॉर्ड्सच्या सभागृहातच राजीनामा दिला. म्हणजे अनुदान मागणारा संचालक संशयित ठरला, आणि बँकेमार्फत कर्ज घेणाऱ्याला शब्दावर पैसे मिळाले. संशय कुणावर घ्यायचा, हाही सत्तेचा निर्णय असतो.

एक आक्षेप उरतो. या लोकांनी लाभांश घेऊन कर वाचवला, मग मदत कशाला मागतात? प्रश्न योग्य आहे. पण स्वयंरोजगारी लोकही नोकरदारांपेक्षा कमी विमा-वर्गणी भरत होते, तरी त्यांना अनुदान मिळाले. सुनक यांनी २६ मार्चला एवढेच सुचवले की सर्वांना सारखी मदत हवी असेल तर पुढे वर्गणीही सारखी भरावी लागेल. हाच नियम संचालकांना का लावला नाही? कराचा हिशेब नंतर चुकता करता येतो, घराचे भाडे थांबत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुनक पंतप्रधान झाले तेव्हा 'आपल्या वंशाचा माणूस' म्हणून इथे पेढे वाटले गेले. खुर्चीवरचा माणूस कोणत्या वंशाचा, यापेक्षा त्याच्या यादीत कोण बसतो हे आपण पाहिले पाहिजे.

आपल्यासाठी याचा अर्थ

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने 'एक व्यक्ती कंपनी' आणली. आपली शिकलेली मुले आता अशा कंपन्या काढत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. मग आपल्या सरकारने काय केले तेही पाहू. १३ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची विनातारण कर्जे जाहीर केली. मूळ अट अशी : २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमचे जे कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्के नवे कर्ज मिळेल. ज्याचे १० लाख कर्ज त्याला २ लाख. ज्याचे कर्ज शून्य त्याला शून्य. आता विचार करा, बँकेच्या दारात कुणाला आधीपासून उभे केले जाते आणि कुणाला जामीनदार आणायला परत पाठवले जाते? वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला घरातच चपला, बॅगा, शिवणकाम यांचे छोटे कारखाने चालवणारी माणसे भेटतात. चार जणांना काम देणारा हा मालक बँकेच्या नोंदीत नाही, म्हणून तो या पॅकेजमध्येही नव्हता. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये योजना आली ती १०,००० रुपयांची, आणि तेही कर्जच.

ब्रिटन आणि भारत यांची तुलना सरसकट करता येत नाही. तिथला वगळलेला संचालक आणि इथला वस्तीतला कारागीर यांचे दुःख एका मापाचे नाही. इथे नोंदीच्या आड जात उभी असते. पण यंत्रणा एकाच पद्धतीने चालते. संकटात सरकार माणसे मोजत बसत नाही, हाताशी असलेली यादी उघडते. त्या यादीचे रकाने पाच, पन्नास, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आखलेले असतात.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. उद्यम नोंदणी, ई-श्रम, फेरीवाला प्रमाणपत्र ही कामे कंटाळवाणी वाटतात, पण ती करून द्या. धंदा सुरू करणाऱ्या तरुणाला सांगा की पगार नियमित नोंदव, हिशेब ठेव, सगळे रोखीत करू नकोस. आणि एवढ्यावर थांबू नका. नोंद झाली म्हणजे हक्क मिळाला असे नाही, हे त्या सात लाख संचालकांनी दाखवून दिले आहे. त्यांची नोंद होती, कर भरलेला होता, वकील आणि हिशेबनीस होते, खासदार त्यांच्या बाजूने बोलत होते. तरी ते हरले, कारण योजनेचे निकष ठरले त्या टेबलावर त्यांच्यातले कुणी नव्हते. पुढची महामारी, पूर किंवा टाळेबंदी येईल तेव्हा निकष एका रात्रीत ठरतील. त्या रात्री मोर्चा काढून उपयोग नाही. कर्जाच्या टक्क्यांवर नको, बुडालेल्या कमाईवर मदत द्या, ही मागणी आज, शांत दिवसांत, लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांपासून विधिमंडळापर्यंत पोचवायला हवी.