पाणकणीस कापायचं कुणी?



मागच्या भाषणानंतर दोन-तीन गावांतून आम्हाला एकच निरोप आला. तुमच्या तलावातलं पाणकणीस तुम्ही कसं काढलं ते सांगा म्हणाल्या. सांगतो. पण ते पुरतं निघालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. अर्ध्याहून जास्त तलाव अजून त्याच्याच ताब्यात आहे. पाळीवर उभं राहिलं तर पाणी दिसत नाही, हिरव्या पात्याच दिसतात.

कापायला उतरलो तेव्हा गटातल्या एका सुनेनं विचारलं, "याच्याआधी हे कापत कोण होतं?" कुणालाच सांगता आलं नाही. मग आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडलो, तहसिलीत जाऊन निस्तारपत्रक पाहिलं. जे कळलं ते आज सांगायचं आहे. कापण्याची रीत शेवटी सांगू.

पाणकणीस म्हणजे काय हे तलावाच्या गावात सांगावं लागत नाही. डोक्यापेक्षा उंच पात्या, वर तपकिरी मऊ कणीस. कुणी त्याला रामबाण म्हणतात. बेशरमसारखं ते परदेशातून आलेलं नाही. बेशरम दक्षिण अमेरिकेतलं, आपल्याकडे कुंपणाला लावलं आणि तलावात उतरलं. पाणकणीस मात्र इथलं जुनंच. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांनी त्याच्या पात्यांच्या चटया विणल्या आहेत. जांभळी पाणकोंबडी त्याच्याच आडोशाला अंडी घालते. म्हणजे वैरी नव्हे. घरातल्याच एखाद्यानं हळूहळू सारं घर बळकवावं, तसं झालं आहे.

आता तलावाकडे येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. माजीचा 'मा' आणि मालगुजारीचा 'मा' मिळून झाला 'मामा तलाव'. नाव मामाचं, पण भाचीकडे कधी वळून पाहत नाही, असं आमच्यातली एक म्हणते.

हे तलाव मालगुजारांनी बांधले असं नावावरून वाटतं. ते खरं नाही, पुष्कळसे त्याच्याही आधीचे आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधायला घेतले. चांद्याचा एक गोंड राजा काशीच्या यात्रेला गेला, तिथल्या तळी बांधणाऱ्या लोकांना सोबत घेऊन आला आणि तेच हे कोहळी, अशी गोष्ट सांगतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातींवरच्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे अशीच दिली आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात.

कोहळ्यांची नजर मोठी खरी. दोन टेकड्यांच्या मधली जागा हेरायची, पाणी कुठून येईल आणि जास्तीचं कुठून जाईल ते पाहायचं, मातीची पाळ घालायची. पाळीतून पाणी सोडायला तुडुम, जादा पाणी जायला सांडवा. वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून बांधीत. नकाशा नाही, यंत्र नाही. धान पिकत होतं, ऊस पिकत होता.

हे वाचून झालं तेव्हा आमच्या गटातली कोहळी घरची आजी खूश झाली. आमच्या पूर्वजांनी बांधलं, म्हणाली. शेजारी बसलेली गोंड घरची बाई म्हणाली, "बांधलं तुमच्यानं असंल, माती कोणाच्या डोक्यावरून गेली?" त्या दिवशी बैठक तिथंच थांबली. पुढच्या बैठकीला दोघी आल्या हे बरं झालं. प्रश्न खरा होता. पाळ बांधणाऱ्याचं नाव सांगतात, कधी त्याच्या नावाचं देवस्थानही असतं. टोपली वाहणाऱ्या बाईचं नाव कोणत्याच कागदात नाही. गाण्यांत बाई येते ती वेगळ्याच कामासाठी. तळ्याला पाणी लागेना म्हणून घरची लेक नाही तर सून बळी दिली, अशा कथा महाराष्ट्रभर गातात. जात्यावर आम्हीही त्या गायल्या, आणि तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

१८५४ साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य घेतलं. १८६१ साली मध्य प्रांत केला. त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्यांना गावाची मालकी दिली. तेच मालगुजार. गावासोबत तलावही त्यांचा झाला. गावच्या लोकांचे पाण्याचे, चराईचे, जळणाचे हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहून ठेवले. निस्तार म्हणजे हेच हक्क.

मालगुजाराच्या काळात तलाव साफ होते, हे आम्हाला प्रत्येक म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यात खोटं नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जायचं. उघड्या पडलेल्या जागेत म्हशी शिरायच्या आणि पाणकणसाचे कोवळे कोंब खाऊन, तुडवून टाकायच्या. मग गावातली माणसं गाळ खणायची. तो गाळ गाड्यांनी बांधीत जायचा, तेच खत. पाळीला माती चढायची, तुडुम नीट व्हायचा. दर उन्हाळ्यात हे चालायचं. पाणकणसाला माजायला उसंतच नव्हती.

पण हे काम फुकटात होत होतं. मालगुजाराचा माणूस हाक मारायचा आणि घरटी एक जण जायचा, नाही गेला तर दुसऱ्या दिवशी मजुरी बंद. वेठ म्हणत त्याला. ढिवरांनी मासे धरायचे, आणि चांगला मासा वाड्यावर पोचवायचा. म्हणून कुणी म्हणालं की तेव्हाचं बरं होतं, तर आम्ही विचारतो, कुणासाठी? १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात गावतलावांची कामं निघाली. तिथं मजुरी मिळाली, पण खणणारा वरच्या वर्गात आणि वाहणारी खालच्या. वाहणाऱ्या कोण, हे सांगायला नको.

मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावं सरकारकडे आली. वेठ गेली. ही चांगली गोष्ट झाली, यात आमच्या मनात काही शंका नाही. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत ओलीत करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. अकरा वर्षांत तलावाचा कागद चार दारं फिरला. पाणी मात्र जिथं होतं तिथंच, आणि त्याच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं. लोकांनी म्हटलं, तलाव आता सरकारचा, सरकार साफ करील. पुढं पाण्यावर पट्टी लागली तेव्हा तर लोक पक्के बोलले, पट्टी घेता ना, मग गाळही तुम्हीच काढा.

त्याच सुमारास युरियाची पोती गावात आली. गाळ वाहून नेण्याची गरज उरली नाही. गाळ तलावातच राहिला, तलाव उथळ झाला. बांधीतलं खत पावसाच्या पाण्यासोबत खालच्या तलावात उतरू लागलं. पाणकणसाला नेमकं हेच हवं असतं. गुडघाभर ते कमरेएवढं पाणी, मऊ गाळ, वरून खत. त्याच्या एका कणसात लाखाच्या वर बी असतं, ते कापसासारखं वाऱ्यावर जातं. शिवाय चिखलात आडवी मुळं पसरतात. म्हशी कमी झाल्या. राखणारी पोरं शाळेत गेली, जायलाच हवी होती.

म्हशीवरून एक गोष्ट राजस्थानातली सांगतो. भरतपूरला पक्ष्यांचं मोठं सरोवर आहे. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांच्या जनावरांना आत बंदी झाली. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं काय झालं, तर म्हशी थांबल्या आणि पाण्यात गवत माजलं. पक्ष्यांना उघडं पाणी मिळेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं मोजमाप करून सांगितलं, की चराई बंद केल्यानं नुकसान झालं. तिथलं गवत वेगळं, आपलं पाणकणीस वेगळं. पण म्हैस पाण्यात उतरते तेव्हा ती काम करत असते, हे आम्हाला तिथून पटलं.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही फाल्गुनात पाणकणीस पेटवलं. होळीसारखं धडाडलं, सारा तलाव मोकळा झाला. आम्ही पेढे वाटले. चैत्र संपायच्या आत काळ्या राखेतून हिरवे कोंब वर आले, पहिल्यापेक्षा दाट. मूळ चिखलात गार होतं, त्याला काही झालंच नाही. वर ऊन मोकळं मिळालं. पाणकोंबडीची घरटी जळली ती वेगळीच. दुसऱ्या वर्षी एका ठेकेदाराचं यंत्र आलं. त्यानं कडेचं थोडं काढलं, मध्ये खोल खड्डे केले आणि गेला. मुळांचे तुकडे पाण्यावर तरंगत दुसऱ्या काठाला लागले आणि तिथं उगवले. खड्ड्यांमुळं जाळं ओढता येत नाही, पोरांना पोहायला पाठवायची भीती वाटते.

तिसऱ्या वर्षी आम्हाला रीत कळली. पाणकणसाचं मूळ पाण्याखाली चिखलात जगतं ते वरच्या पात्यांतून हवा घेऊन. वाळलेलं खोडसुद्धा नळीसारखं हवा खाली नेतं. ती नळी पाण्याखाली बुडाली की मूळ गुदमरतं. म्हणून कापायचं ते रोहिणी नक्षत्रात, मृगाच्या तोंडावर, अगदी बुडापासून, वाळलेलंही सोडायचं नाही. मग पहिल्या पावसाचं पाणी थोटकांवर चढलं पाहिजे. आधी कापलं तर कोंब पाण्याच्या वर निघून जातात, आमच्या होळीचं तेच झालं. दुसरी कापणी भाद्रपदात, निंदण आटोपल्यावर आणि धान कापणीच्या आधी. तेव्हा पाण्यात हात घालून वीतभर खाली कापायचं. एकटीनं उतरायचं नाही, पायात जुने बूट घालायचे. कापलेलं पाण्यात टाकायचं नाही, काठावर ओढायचं, नाहीतर ते कुजून तळाला गाळच होतो. आम्ही त्याचं खत करतो. एका कोपऱ्यातलं पाणकणीस मुद्दाम ठेवतो, पाणकोंबडीसाठी आणि चटईसाठी.

चौदा जणींनी दोन वर्षांत जेवढं कापलं, तिथं पाणी उघडं झालं आहे. तिथं परत उगवलं ते तुरळक, हातानं उपटता येईल एवढं. शिंगाडा लावता आला. ढिवर घरच्या बाया सांगतात, की त्या बाजूला जाळं पुन्हा पडतं आहे.

तरी भांडण बाकी आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत दोन विषय आहेत. एक म्हणजे उरलेल्या तलावावर तणनाशक फवारायचं. फवारणीनं एका दिवसात काम होईल म्हणतात. त्याच पाण्यावर गुरं येतात, आम्ही कपडे धुतो, मासे खातो. शिवाय मेलेलं पाणकणीस तळाशी कुजलं की पाण्यातली हवा संपते आणि मासे वर येतात, हे मच्छी करणाऱ्या कुणालाही विचारा. दुसरा विषय रोजगार हमीचा. पाणकणीस कापणं आणि गाळ काढणं हमीच्या कामात धरावं, म्हणजे हजेरीपटावर बायांची नावं चढतील, असा आमचा अर्ज आहे. साधनं आमच्याकडे आहेत, मजुरी मात्र नाही. दोन वर्षं आम्ही फुकट कापलं. तिसऱ्यांदा फुकट कापायला आमच्यातल्या सहा जणी तयार नाहीत. मालगुजाराची वेठ गेली आणि गटाची वेठ आली का, असं त्या विचारतात. आम्हाला त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

मच्छीचा ठेका ढिवरांच्या संस्थेकडे आहे. संस्थेच्या यादीत बहुतेक पुरुषांचीच नावं आहेत, बाजारात टोपली घेऊन बसते ती बाई यादीत नाही. तो अर्जही आम्ही सोबतच दिला आहे. सचिवांनी दोन्हींची पोच दिली, तारखेसह.

तुमच्या गावात तलाव असेल तर तहसिलीतून निस्तारपत्रकाची नक्कल काढा. आमच्या पत्रकात गुरांना पाणी आणि गावकऱ्यांना आंघोळ असे दोन हक्क स्पष्ट लिहिलेले निघाले, तेच फवारणीच्या विरोधात ग्रामसभेत वाचून दाखवणार आहोत. रोहिण्या २५ मेच्या सुमारास लागतील. अर्जाचं काही झालं नाही तरी आम्ही आठ जणी त्या आठवड्यात पाण्यात असू. बाकीच्या सहा जणी काठावर कागद घेऊन बसणार आहेत, कोण किती दिवस उतरली ते लिहायला.