चोक व समृद्ध मिश्रण, ब्रिटिश मोटारसायकलींतील

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाला पुरविल्या जाणाऱ्या हवा-पेट्रोल मिश्रणातील हवेचे प्रमाण तात्पुरते कमी करणाऱ्या साधनाला ‘चोक’ म्हणतात. मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त असल्यास ते समृद्ध व कमी असल्यास ते विरल समजले जाते. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. १४·७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. कमाल शक्ती सु. १२ ते १३ भाग हवेस मिळते. थंड एंजिनात मात्र पेट्रोलाचा फक्त हलका अंशच वाफ होतो व उरलेला थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतींवर साचतो. म्हणून सुरुवातीस पुष्कळच समृद्ध मिश्रण द्यावे लागते. एंजिन तापल्यावर ही गरज संपते. ती संपल्यावरही मिश्रण समृद्धच राहणे हा जुन्या मोटारसायकलींत वारंवार आढळणारा दोष आहे.

इतिहास : आरंभीच्या वाहनांत पेट्रोलाच्या पृष्ठावरून हवा नेऊन वाफ मिळवीत. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये फ्लोट व फवारा असलेला कार्ब्युरेटर पुढे आणल्यावर ही पद्धत मागे पडली. तरीही एका जेटमधून येणारे पेट्रोल सर्व वेगांना योग्य प्रमाणात मिळत नसे. त्यामुळे ब्रिटिश मोटारसायकलींच्या मुठीवर दोन तरफा असत, एक मिश्रणाच्या राशीसाठी व दुसरी हवेसाठी. चढ, वेग व हवामान पाहून चालक स्वतःच हवेचे प्रमाण सतत बदलीत असे. पुढे आपोआप प्रमाण राखणारे कार्ब्युरेटर आले. हवेची तरफ तशीच राहिली, परंतु तिचे काम प्रामुख्याने एंजिन सुरू करण्यापुरते उरले. ब्रिटिश मोटारसायकलींवरील चोक हा असा जुन्या दुहेरी नियंत्रणाचा अवशेष होय.

आमॅक, ब्राउन अँड बार्लो व बिंक्स या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून १९२७ मध्ये ‘अ‍ॅमल’ ही कंपनी निर्माण झाली. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस, रॉयल एन्फील्ड इ. बहुतेक प्रमुख उत्पादक तिचेच कार्ब्युरेटर वापरीत. जुन्या प्रकारांत फ्लोटची कोठी वेगळी जोडलेली असे. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास आलेल्या ‘मोनोब्लॉक’मध्ये ती मुख्य भागाशी एकसंध झाली. १९६७ मधील ‘कॉन्सेंट्रिक’मध्ये ती मुख्य जेटभोवती खाली बसविण्यात आली.

रचना व कार्य : अ‍ॅमल कार्ब्युरेटरात थ्रॉटलची दंडगोल झडप वर-खाली सरकते व तिच्याच पोटात हवेची सपाट झडप असते. ही झडप खाली आली की हवेची वाट अडते, जेटवरील निर्वात वाढतो व पेट्रोल जास्त ओढले जाते. थ्रॉटल पूर्ण बंद असताना ही झडप बव्हंशी थ्रॉटलच्या झडपेतच लपलेली असते. म्हणून मंदगतीवर तिचा परिणाम फारच थोडा होतो. थंडीत सुरुवातीस पेट्रोल वाढविण्यासाठी फ्लोट दाबणारी लहान कळ (टिकलर) असते. पेट्रोल ओघळेपर्यंत ती दाबण्याची रीत आहे. केबलवर चालणाऱ्या रचनेत स्प्रिंग हवेच्या झडपेला खाली ढकलते व केबल तिला वर ओढते. त्यामुळे केबल सैल झाली किंवा तुटली, तर चालकास नकळत चोक लागूनच राहतो.

समृद्ध मिश्रणाची लक्षणे व कारणे : निष्कासातून काळा धूर, पेट्रोलाचा वास, ठिणगी गुडदीवर (स्पार्क प्लगवर) कोरडी काळी काजळी, पेट्रोलाचा वाढता खप आणि एंजिन थंड असता बरे व तापल्यावर अडखळत चालणे ही मुख्य लक्षणे होत. कारण शोधताना थ्रॉटल किती उघडले असता दोष दिसतो, हे पाहणे महत्त्वाचे असते. थ्रॉटल सु. १/८ उघडेपर्यंत पायलट जेट, १/८ ते १/४ पर्यंत झडपेच्या कडेची कापणी, १/४ ते ३/४ पर्यंत सुई व सुईजेट आणि त्यापुढे मुख्य जेट यांचा प्रभाव प्रधान असतो. सुईजेट सुईच्या घर्षणाने झिजून रुंद होतो व मधल्या टप्प्यात मिश्रण समृद्ध होते. अनेकदा मुख्य जेट लहान करून हा दोष झाकण्याचा प्रयत्न केला जातो. त्यामुळे मधल्या टप्प्यातील दोष तसाच राहतो व पूर्ण वेगावर मिश्रण धोकादायक रीत्या विरल होते. याशिवाय भोक पडून बुडालेला पितळी फ्लोट, झिजलेली फ्लोटसुई, एका खाचेने वर चढविलेली सुई व धुळीने तुंबलेला हवागाळक हीही कारणे संभवतात. थ्रॉटलची झडप झिजल्यास मात्र बाजूने जादा हवा शिरून मिश्रण विरल होते.

चाचणीसाठी स्थिर वेगाने जाताना हवेची झडप किंचित खाली आणतात. त्याने एंजिन सुधारल्यास मिश्रण विरल व बिघडल्यास ते समृद्ध समजावे. सुरुवातीच्या चालकांचे हेच कौशल्य येथे परीक्षेच्या रूपाने टिकून आहे.

परिणाम : न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन टाकते व तळपात्रातील तेल पातळ करते. त्यामुळे दट्ट्याची कडी व सिलिंडर लवकर झिजतात. निष्कासातील विषारी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते. बंद जागेत असे एंजिन चालविणे प्राणघातक ठरू शकते. उलट, अतिविरल मिश्रणाने एंजिन तापून दट्ट्याला भोक पडू शकते. म्हणून समृद्धपणा घालविताना तो ‘थोडा अधिक’ घालविणे हितावह नसते.

भारतात मद्रास (चेन्नई) येथे १९५५ पासून एन्फील्ड इंडियाने ‘बुलेट’ तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे तीवर मिकार्ब कार्ब्युरेटर आला. यात हवा न अडविता वेगळ्या मार्गाने जादा पेट्रोल दिले जाते, तरी या साधनालाही चोकच म्हणतात. भारत टप्पा ६ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या बुलेटवर इंधन-अंतःक्षेपण आले व हाताचा चोक अनावश्यक ठरला. जुन्या गाड्यांपुढे आता वेगळा प्रश्न आहे. इथेनॉलाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. ९ पटच हवा लागते. त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलावर पूर्वीच्याच जेटने मिळणारे मिश्रण काहीसे विरल होते. जुनी पुस्तके सांगतात तोच जेट योग्य, असे आता गृहीत धरता येत नाही. गुडदीचा रंग व रस्त्यावरील चाचणी यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो.