पुजलेली पोथी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाच्या दुकानांतून चोपड्यांची पूजा होते. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी ती पाहायला जात असे. कोऱ्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक निघे, अक्षता पडत. माझे सारे लक्ष पेढ्यांच्या ताटाकडे, पण वडिलांचे एक वाक्य मात्र कायमचे ध्यानात राहिले : "पूजा झाली म्हणजे काम संपले नाही, बाळ. उद्या ती उघडायची असते."

पुढे आमच्याच गावच्या एका शेटजींची हकीकत वाचताना ते वाक्य पुन्हा आठवले.

दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री हे जैनांचे जुने तीर्थ. षट्खंडागम या प्राचीन ग्रंथावर वीरसेनाचार्यांनी लिहिलेली 'धवला' टीका तेथे ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत, शतकानुशतके जपून ठेवलेली होती. यात्रेकरू येत, पोथीला हात जोडत आणि परत जात. दर्शन घडे, वाचन घडत नसे. सोलापूरचे शेट हिराचंद नेमचंद दोशी 1884 च्या सुमारास तेथे गेले, तेव्हा पोथीची जीर्ण दशा त्यांच्या नजरेस आली. ही उतरून घेतलीच पाहिजे, असे त्यांनी मनावर घेतले आणि वर्गणी जमवली. 1896 च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी नकलेस आरंभ केला. काम वर्षानुवर्षे चालले. मात्र नक्कल झाली तरी ती मूडबिद्रीबाहेर जायची नव्हती!

येथे गोष्टीला वळण लागते. गजपतींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप आणखी एक प्रत केली आणि ती घेऊन ते सोलापुरास शेटजींकडे आले. ज्यासाठी इतकी वर्षे धडपड केली, ते आयते दाराशी आले होते. शेटजींनी ते घेण्याचे नाकारले!

वाचकहो, मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ती प्रत पुढे सहारनपुरास गेली. तेथे तिच्या देवनागरी नकला झाल्या आणि त्या गावोगाव पसरल्या. त्यांवरूनच अमरावतीच्या डॉ. हिरालाल जैनांनी 1939 साली धवलेचा पहिला भाग छापला. मग शेटजी चुकले का? मला तसे वाटत नाही. नकलांवर नकला झालेल्या, त्यांत चुका शिरलेल्या. पहिला भाग प्रसिद्ध झाल्यावर मूडबिद्रीकरांनी आपण होऊन मूळ ताडपत्रे पाठ ताडून पाहण्यास खुली केली, तेव्हा पुढल्या भागांना शुद्धता आली. 1958 साली सोळावा भाग निघून हे कार्य पुरे झाले. पोथी बाहेर काढली चोरट्या नकलेने. पण ती खरी उघडली, ती तिच्या राखणदारांनीच.

आणि आत काय निघाले? धर्मचर्चा तर होतीच, शिवाय गणित होते! एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, त्याला तेथे 'अर्धच्छेद' म्हटले आहे. 32 चे अर्धच्छेद 5. हा आजच्या लॉगॅरिथमचाच विचार. लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी 1942 साली चौथ्या भागात त्यावर लेख लिहिला. धवला छापली नसती तर तो लिहिताच आला नसता.

नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिज्मी हिंदू अंकांवर ग्रंथ लिहीत होता. त्याच शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. अमोघवर्षाची राजधानी मळखेड, आमच्या सोलापूरच्या शेजारचीच. अरब प्रवासी राष्ट्रकूटांना 'बल्हारा' म्हणून ओळखत. 1963 साली त्या गणितसारसंग्रहाची हिंदी आवृत्ती जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली, आणि तीही सोलापुरातूनच!

आज तोच प्रश्न नव्या रूपाने साऱ्या जगापुढे आहे. अरबांच्या देशात, सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठाने 2014 साली आपल्या संशोधकांचे निबंध सर्वांना खुले ठेवण्याचे ठरवले. 2021 साली युनेस्कोने खुल्या विज्ञानाची शिफारस सर्व राष्ट्रांना केली. आपल्याकडेही 'शोधगंगे'वर विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. हे ज्ञान सांभाळणारे ग्रंथपाल हेही राखणदारच. किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून पहिले पाऊल त्यांनीच उचलावे लागते.

यंदा लक्ष्मीपूजनाला माझ्या नातवाला घेऊन चाटी गल्लीत जाणार आहे. त्याचेही लक्ष पेढ्यांकडेच असणार; तरी वडिलांचे ते वाक्य मी त्याच्या कानावर घालीन.