उधारीच्या वहीपासून पॉइंटच्या कार्डापर्यंत



मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीने प्रश्न पाठवला होता. ती विड्या वळते. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात आहे. घरी एक माणूस क्रेडिट कार्ड घ्या म्हणून येऊन गेला. दूध, भाजी, किराणा, सगळं कार्डावर घ्या, प्रत्येक खरेदीला पॉइंट मिळतील, असं त्याने सांगितलं. मैत्रीण विचारते, "घेऊ का नको? आणि घ्यायचं तर कुठलं?"

उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण आम्ही बसून बोलायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. रोजच्या मीठमिरचीची उधारी आपल्या आज्या-पणज्यांनीही केली. म्हणून आज थोडं मागे जाऊ या. कार्डाचं उत्तर तिथेच सापडेल.

आपल्यापैकी बहुतेकींनी किराणा दुकानातली लाल कापडी बांधणीची वही पाहिली आहे. आई चिठ्ठी द्यायची, आपण पिशवी घेऊन जायचो, दुकानदार काका वहीत आकडा टाकायचे. पगार झाला की वडील जाऊन काही रक्कम टेकवायचे. व्याज लागायचं नाही. पण मागची बाकी थकली की तोलताना काकांचा हात आखडायचा आणि भाव विचारायची आपली हिंमत व्हायची नाही. नियमित देणाऱ्याला मात्र वर मूठभर शेंगदाणे मिळायचे, लहान मुलाच्या हातावर गूळ पडायचा, दिवाळीला उटण्याची पुडी यायची. आजच्या पॉइंटचं मूळ त्या वरच्या मुठीत आहे. गिऱ्हाईक आपल्याकडेच यावं म्हणून दिलेली ती मूठ होती.

त्या वहीत एक अडचण होती. ती आपल्या हातात नसायची. आमच्यापैकी एकीची आई दर खरेदीला घरच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. अक्षरओळख नव्हती, पण रेघा मोजता यायच्या. एकदा दुकानदाराची बाकी आणि भिंतीवरच्या रेघा जुळेनात. आई रेघा मोजून दाखवत राहिली, दुकानदार वही दाखवत राहिला. शेवटी वहीच खरी ठरली, कारण ती शाईने लिहिलेली होती.

आता याहून मोठी गोष्ट सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी मुख्यतः काय जाळलं? कर्जरोखे आणि वह्या. निरक्षर कुणब्याने अंगठा उठवलेला कागद सावकाराच्या पेटीत असे. त्यात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला ठाऊक नसे. मागे भरलेले पैसे वजा झाले की नाही, हेही कळत नसे. म्हणून राग त्या कागदावर निघाला.

सरकारने चौकशी नेमली. तेवढ्यात १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला, त्यात आपला सोलापूर जिल्हाही होरपळला. मग १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. म्हणजे ही आपल्या घरची गोष्ट आहे.

त्या कायद्यात काय होतं? कर्जाचा दावा आला की न्यायालयाने नुसता शेवटचा कागद पाहायचा नाही, व्यवहार मुळापासून तपासायचा. शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती मिळायची, वर्षाचा लेखी हिशेब मागता यायचा, आणि स्वतःजवळ ठेवायला हिशेबाचं पुस्तक मागता यायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. याशिवाय दामदुपटीचा जुना नियम होताच. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, असा तो नियम. कायद्याने सावकारी संपली नाही. पण कर्जदाराला आपला हिशेब स्वतःच्या हातात मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट कागदावर आली.

हा कायदा शेतकऱ्यांसाठी होता. त्याच काळात, १८७० च्या दशकात, सोलापुरात जुनी मिल उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. गावाकडून माणसं शहरात आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. शेत मागे राहिलं, उधारी मात्र बरोबर आली. पगार महिन्यातून एकदा, पोट मात्र रोजचं. १९३१ साली कामगारांच्या स्थितीबद्दल शाही आयोगाचा अहवाल आला. बहुतेक गिरणी-कारखान्यांतले कामगार कामाच्या आयुष्याचा मोठा काळ कर्जात असतात, असं त्यात म्हटलं होतं. सावकाराने हिशेब ठेवावा आणि कर्जदाराला द्यावा, हे बंधन मुंबई प्रांतात १९४६ च्या सावकारी कायद्याने घातलं. पण किराण्याच्या उधारीला सावकारी कोण म्हणणार? तिथे वही दुकानदाराचीच राहिली.

आपल्या जिल्ह्याच्या शेजारचं आणखी एक उदाहरण घेऊ. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण कित्येक सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांनी अक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब येतो, कुठलीही रक्कम सांगा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. आमच्या मते भिंतीवरच्या रेघांना मिळालेला हा न्याय होता.

आता कार्डाकडे येऊ. अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड आलं, ते हॉटेलात जेवणाऱ्या साहेबलोकांसाठी. १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात एका बँकेने न मागता ६० हजार लोकांना टपालाने कार्डं पाठवली. साध्या घरात कार्ड शिरलं ते असं. भारतात १९६१ साली डायनर्स क्लब आला, आणि १९८० साली सेंट्रल बँकेने आपलं कार्ड काढलं. पॉइंटची कल्पना तर कार्डाहूनही जुनी आहे. १८९६ पासून अमेरिकेतली एक कंपनी दुकानांना हिरवी तिकिटं पुरवायची. बायका ती वहीत चिकटवायच्या आणि वही भरली की भांडी, चादरी घ्यायच्या. वरची मूठ तिथेही होतीच!

आपल्याकडे कार्ड बरीच वर्षं मोठ्या दुकानांपुरतं होतं. २०२२ साली ते बदललं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. लक्ष्मी मंडईतल्या भाजीवालीकडे कार्ड घासायचं यंत्र नसतं, पण स्कॅनरचा कागद असतो. तो दुकानाच्या नावाने नोंदवलेला असेल तर तिथेही आता उधारी चालते. छोट्या दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क लागत नाही. म्हणजे लाल वही आता आपल्या मोबाइलमध्ये आली. फरक इतकाच, की वही लिहिणारी बँक आहे, आणि तिला आपल्या घरची अडचण ठाऊक नाही.

तेव्हा आता रेघा मोजू या. समजा, महिन्याला आठ हजारांची किरकोळ खरेदी कार्डावर केली आणि शेकडा एक रुपया परत मिळाला. महिन्याचे ८० रुपये, वर्षाचे ९६०. कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये धरली तर १८ टक्के जीएसटी मिळून ५८९ होतात. हाती राहिले ३७१. आता एका महिन्यात आजारपण आलं आणि बिल भरता आलं नाही. व्याज महिन्याला शेकडा साडेतीन धरलं तर २८० रुपये, त्यावर जीएसटी ५० रुपये. झाले ३३०. शिवाय उशिराचा दंड वेगळा. आणि बाकी राहिली की पुढच्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. म्हणजे वर्षभर गोळा केलेली मूठ एका चुकलेल्या महिन्यात गेली.

बिलावर 'किमान रक्कम' असा एक आकडा असतो. तो भरला की दंड टळतो, व्याज टळत नाही. साडेतीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा पणजीला होता तसा दामदुपटीचा आधार धरून आपण बसू नये.

तरीही घ्यायचं ठरलं, तर काय पाहायचं? पहिलं, फी. किरकोळ खरेदीला कायम बिनफीचं कार्डच परवडतं. दुसरं, पॉइंट कितीला मिळतो. काही कार्डांवर दर शंभर किंवा दीडशे रुपयांना पॉइंट असतो. मग साठ रुपयांच्या कोथिंबीर-मिरचीला काहीच नाही. तिसरं, एका पॉइंटचे पैसे किती. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. कुठे तो पंचवीस पैशांचाही असतो. चौथं, स्कॅन करून दिलेल्या पैशांवर पॉइंट मिळतो का, महिन्याला कमाल किती मिळतो आणि त्याची मुदत कधी संपते. पगाराची पावती नसलेल्या बाईला बँकेतल्या ठेवीवरही कार्ड मिळू शकतं. तिथे मर्यादा ठेवीवरूनच ठरते, ते बरं.

आपले हक्कही लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. बिलाची तारीख निदान एकदा आपल्या सोयीने बदलून मागता येते. मजुरी कधी हातात येते ते पाहून ती मागा. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच उशिराचा दंड लावता येतो. बाकी नसेल आणि कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने आपल्याला द्यायचे.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. बिलाचे पूर्ण पैसे दर महिन्याला तारखेच्या आत बाजूला पडत असतील, तर बिनफीचं कार्ड घे आणि वरची मूठ खुशाल घे. एखादाही महिना ओढाताणीचा असेल, तर पॉइंटच्या नादी लागू नकोस. किराण्याची जुनी उधारी त्यापेक्षा स्वस्त आहे. आणि काहीही ठरवलंस तरी घरात एक वही ठेव. आज कार्डावर किती गेलं ते रोज रात्री स्वतःच्या हाताने लिही. महिनाअखेरी बँकेचा कागद आणि तुझी वही शेजारी ठेवून बघ.

वही शाईने लिही, म्हणजे या वेळी आकडे जुळले नाहीत तर दाखवायला आपल्याकडेही कागद असेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.