गाईची कास आणि वैद्याची नळी

घोड्यांच्या वैद्यकास आमच्या देशांत शालिहोत्राचें नांव मिळालें, हत्तींच्या वैद्यकास पालकाप्याचें. या दोघांच्या नांवावर मोठमोठे ग्रंथ चालत आले आहेत. गाईच्या वाट्यास अग्निपुराणांतील एखादा अध्याय येतो, एवढेंच. जिला आम्ही माता म्हणतों तिच्या दुखण्याविषयीं एवढें मौन कां, असें वाचकांस वाटेल. पण कारण उघड आहे. घोडा आणि हत्ती राजाचे, गाय गवळ्याची. गवळ्याचें ज्ञान त्याच्या हातांत राहिलें, तें पोथींत फारसें उतरलें नाहीं.

दुभत्या गाईच्या कासेस झालेली जखम ही त्या हातांची खरी परीक्षा होय. कासेचे कप्पे चार. एका कप्प्यांतील दूध दुसऱ्यांत जात नाहीं, प्रत्येकास आपला एकच सड. सडाच्या टोंकाशीं सुमारें एक सेंटिमीटर लांबीची अरुंद वाट असते. तिच्या आंतून शिंगाच्या जातीच्या पदार्थाचें अस्तर, बाहेरून आवळून धरणारा स्नायु. धार काढून झाल्यावर ही वाट लागलीच मिटत नाहीं; अर्धा तास, केव्हां केव्हां त्याहूनही अधिक वेळ ती किलकिली राहते. निसर्गानें कासेच्या रक्षणासाठीं ठेवलेला दरवाजा हा एवढाच. वासराचे दात त्यास लागतात, कुंपणाचा कांटा लागतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे मोठ्या लोंबत्या कासेची गाय उठतांना स्वतःच्याच खुराखालीं सड चिरडून घेते.

मग गवळी पेचांत सांपडतो. दुखऱ्या सडास हात लावूं दिला जात नाहीं, लाथ बसते. आणि दूध तुंबूं द्यावें तर कास सुजून टणक होते. आमच्याकडे या दुखण्यास दगडी म्हणतात, तें नांव कासेवर हात ठेवून पाहणाऱ्यानेंच दिलें असलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत या पेचावर एक नामी उपाय निघाला. रुप्याची बारीक नळी सडांत सरकवावयाची, कीं दूध आपोआप वाहूं लागे. ना पिळणें, ना लाथ. शेतकऱ्यांस तो दैवी वाटला तर नवल नाहीं. परंतु बऱ्याच वेळां थोड्याच दिवसांत तोच कप्पा सुजे, दुधांत गांठी येत आणि कप्पा कायमचा आटे. युरोपच्या खेड्यांत दूध बिघडलें कीं चेटकिणीवर आळ घेण्याची चाल जुनीच होती. नळीकडे बोट दाखविण्याचें कोणास सुचलें नाहीं.

तें पुढें जंतुशास्त्रानें दाखविलें. १८८६ साली मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८८७ त, पॅरिसजवळच्या आल्फोर येथील नोकार व मोलरो या फ्रेंच पशुवैद्यांनीं कासेचा हा दाह सांसर्गिक असून माळेसारख्या जुळलेल्या सूक्ष्म जंतूंमुळें होतो असें प्रसिद्ध केलें. म्हणजे दुखऱ्या सडांतून काढलेली नळी न उकळतां निरोगी सडांत घातली कीं रोग पेरलाच. धार काढणाऱ्याचा हातही याच पापाचा वाटेकरी ठरला.

तथापि इतिहास सरळ चालत नाहीं. १८९७ त डेन्मार्कमधील कोल्डिंगच्या श्मिट नांवाच्या पशुवैद्यानें त्याच दारांतून गाई वांचविल्या. नुकत्याच व्यालेल्या उत्तम दुभत्या गाई दुग्धज्वरानें आडव्या पडत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक दगावत. विष चिकांत तयार होतें असें समजून श्मिटनें कासेंत पोटॅशियम आयोडाइडचें पाणी सोडलें. गाई उठूं लागल्या. थोड्याच वर्षांत असें दिसलें कीं औषधाचें कारणच नाहीं, नुसती हवा भरून कास फुगविली तरी पुरे! खरा उलगडा झाला तो १९२५ च्या सुमारास, एडिंबरोच्या ड्रायर व ग्रेग यांच्या कामानें. गाईच्या रक्तांतील चुना दुधांत ओढला जातो म्हणून ती पडते. फुगलेल्या कासेंतील दाबानें दूध उतरणें थांबतें आणि चुना रक्तांत राहतो. श्मिटचा तर्क चुकीचा, उपाय अचूक. वैद्यकांत असे प्रसंग थोडे नाहींत, आणि ते आम्हांस नेहमीं विनोदी वाटतात. मात्र या हवेबरोबर जंतूही आंत जात, आणि ज्वरांतून उठलेली गाय कासदाहानें निकामी होई. चुन्याचे क्षार टोंचून देण्याची रीत रूढ झाल्यावर पंप मागें पडला.

बाहेरच्या जखमांची कथा साधी आहे. तूप, लोणी, हळद यांवर आमचें चाललें. अमेरिकेंत व्हरमाँट प्रांतीं १८९९ साली बॅग बाम नांवाचें मलम निघालें, लोंकरीच्या तेलाचें. भेगाळलेल्या सडांसाठीं काढलेलें हें मलम शेतकऱ्यांच्या बायकांनीं आपल्या हातांस लावून पाहिलें आणि घरांत आणलें.

१९४० नंतरच्या दशकांत पेनिसिलिन आलें, आणि पुन्हां नळीचें राज्य झालें. या वेळीं औषधाच्या नळीचें. दाह लवकर शमूं लागला, पण गोठ्यांतून रोग हटेना. शिवाय औषध दुधांत उतरून चीज लागेनासें झालें. १९६० नंतर इंग्लंडांत शिनफील्ड येथील दुग्धसंशोधन संस्थेंत डॉड, नीव्ह आदि संशोधकांनीं कळपच्या कळप वर्षानुवर्षें पाहून निष्कर्ष काढला तो गवळ्यासही समजेल असा: प्रत्येक धारेनंतर सडाचें टोंक जंतुनाशकांत बुडवावें, दार मिटेपर्यंत. औषध आंत सोडावयाचें तें गाय आटवितांना. आणि वारंवार दुखणारी गाय कळपांत ठेवूं नये. हा शेवटचा सल्ला आमच्या देशांतील गोठ्यांत फारसा रुचणार नाहीं, हें उघड आहे.

चिरलेल्या सडाविषयींही आज हाच विवेक चालतो. ताजी जखम कांहीं तासांच्या आंत धुऊन थराथरानें शिवतात, आणि वासरास त्या सडापासून दूर ठेवतात. जुनी जखम दुधाच्या वाहत्या धारेखालीं भरून येत नाहीं. बाजूनें दूध झिरपत राहतें. अशी गाय आटेपर्यंत थांबावें लागतें, आणि मगच टांका घालतात.